आपला पाल्य आमच्याकडे सुखरूप आहे

सोमवार, १६ जून २००३
लातूर

पोचले एकदाची. मुदखेडहून नांदेड, तिथून लोहा, अहमदपूर करत लातूर. वाटेत शेजारच्या आजोबांनी माझ्या खांद्यावर मनसोक्त झोप काढली आणि उतरताना मलाच बजावलं की पोरी, सावध बसत जा, एसटीत चोर फार. बाबा नांदेडपर्यंत सोडायला आले होते. जन्मभर रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसून लोकांना गावोगाव धाडलेला माणूस, पण मला बसवून माझी पिशवी हातात घेऊनच खाली उतरला. बस हलल्यावर धावत आले आणि खिडकीतून पिशवी कोंबली. दोघंही खूप हसलो.

नोकरी गुरुलिंग सरांच्या क्लासमध्ये. सर केमिस्ट्री शिकवतात आणि त्यांच्याकडे बारावीची इतकी पोरं येतात की सकाळच्या बॅचला औसा रोडची कड सायकलींनी भरून जाते. इमारत तीन मजली, नवीकोरी, गुलाबी रंगाची. जोतं तेवढं काळ्या घडीव दगडांचं आहे. खाली दोन हॉल, मधल्या मजल्यावर ऑफिस, वर सर्व्हरची खोली आणि तिला लागून माझी. सर्व्हरला एसी, मला पंखा. खिडकीतून डाळमिलचं पत्र्याचं छप्पर दिसतं आणि दिवसभर तुरीच्या फोलाचा वास येतो. मला आवडला.

सर पन्नाशीचे, हळू बोलणारे. त्यांनी मला ‘मॅडम’ म्हटलं. आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मागे वळून बघितलं, दुसरं कुणी आहे का म्हणून.

शनिवार, २१ जून

बाबांनी फोनवर विचारलं, तुझं काम काय असतं ते एकदा नीट सांग, इथे लोक विचारतात. त्यांना म्हटलं, चौकशीची खिडकी सांभाळते. परळीची गाडी कितव्या फलाटावर, एवढंच सांगायचं, गाडीत बसवून द्यायला जायचं नाही. इंटरनेटवर कुणी एखादं नाव विचारलं की त्या नावाचं पान कुठल्या क्रमांकाच्या यंत्रावर आहे, हे आमचा नेम सर्व्हर सांगतो. नाव यादीत असेल तर क्रमांक, नसेल तर ‘असं नाव नाही’. बाबा म्हणाले, हे तर मीसुद्धा केलं असतं.

खरंच केलं असतं. नांदेडला शिकताना काळ्या पडद्यावर एकेक ओळ टाइप करून डोळे जायचे. इथे ब्राउझरमध्ये पॅनेल उघडतं. डावीकडे नावांची यादी, उजवीकडे नाव आणि क्रमांक भरायचे रकाने, खाली ‘अप्लाय’चं बटण. माऊसने टिचकी मारली की झालं. सरांची हौस अशी की क्लासमधल्या प्रत्येक पोराच्या नावाचं स्वतंत्र पान हवं. भोकरच्या सायबर कॅफेत बसून बापाने पोराचं नाव टाकलं की चाचणीचे मार्क समोर. बाकीचे क्लासवाले अजून फळ्यावर मार्क लावतात म्हणून सर खूश आहेत. आणि मी दिवसभर नावं भरत बसते.

शनिवार, २८ जून

झाडलोट आणि माझा डबा कावेरीबाईंकडे आहे. साठीच्या, काटक. त्या आणि सर एकाच गावचे, त्र्याण्णवच्या भूकंपात भुईसपाट झालेल्या गावांपैकी एका. एवढं ऑफिसातल्या लोकांनी सांगितलं. त्या दोघांपैकी कुणीच त्यावर बोलत नाही.

बाईंना हाक मारली की त्या ओ देत नाहीत. मी जिन्यातून ओरडते, ‘कावेरीबाई’. काही नाही. पुन्हा ओरडते. काही नाही. तिसऱ्यांदा ओरडले की शांतपणे ‘ओ’ येतो. मला वाटलं, कानाने कमी आहेत. पण ह्याच बाईला दोन मजले खाली दूध उतू गेलेलं ऐकू येतं! आज चिडून विचारलंच. त्या म्हणाल्या, आमच्या गावात पहिल्या हाकेला कुणी ओ देत नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यांदा हाक आली तर ते माणूस असतं. मग आधीच्या दोन हाका कुणाच्या, असं विचारलं तर म्हणाल्या, भाकरी अजून वाढू का.

रविवार, ६ जुलै

सुट्टी. गंजगोलाईच्या बाजारात जाऊन आले. एक बादली घेतली, दोन हातरुमाल घेतले, आणखी काही घ्यायचं सुचेना म्हणून सुईदोरा घेतला. परत येऊन बादली धुतली.

खाली हजारभर पोरं असतात आणि एकही माझ्याशी बोलत नाही. बोलतील तरी काय म्हणा. ऑफिसातली माणसं सहाला आपापल्या घरी जातात. इथे आल्यापासून मला माझ्या नावाने कुणी हाक मारलेली नाही. सर मॅडम म्हणतात, बाई ताई म्हणतात, पोरं ‘कॉम्प्युटरवाल्या’ म्हणतात. अपू म्हणणारे एकटे बाबा, तेही रविवारी, आणि तेव्हा माझा एक डोळा एसटीडीच्या मीटरवर. आई होती तेव्हा घरात सारखं कुणीतरी कुणाला हाक मारत असायचं. आज बाबांचा फोन ठेवल्यावर रडू आलं. बूथवाल्याने सुटे पैसे देताना दुसरीकडे बघितलं, भला माणूस.

शुक्रवार, ११ जुलै

आज एक प्रकार घडला. भोकरकडचे एक पालक कॅफेत जाऊन पोराचं नाव शोधत होते. पोराचा प्रवेश परवाचा, मी अजून नाव भरलं नव्हतं. यंत्राने नेहमीप्रमाणे सांगितलं, असं नाव नाही. बिचारा माणूस घाबरला, मिळेल त्या गाडीने निघाला आणि सकाळी ऑफिसात येऊन उभा राहिला की माझं पोरगं कुठाय. पोरगं हॉलमध्ये पहिल्या बाकावर पेन चावत बसलं होतं. सगळे हसले. तो माणूस मात्र पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला.

सर हसले नाहीत. वर येऊन म्हणाले, यापुढे आपल्याकडून कुणालाही ‘असं नाव नाही’ हे उत्तर जाता कामा नये. सोपं आहे ते. यादीत नावाच्या जागी नुसती चांदणी (*) टाकली की यादीत नसलेल्या प्रत्येक नावाला त्या चांदणीपुढचा क्रमांक उत्तर म्हणून जातो. कुणीही काहीही विचारो, उत्तर ‘हो’च. मी चांदणीपुढे माझ्याच टेबलावरच्या यंत्राचा क्रमांक टाकला आणि तिथे एक पान ठेवलं. पानावरचा मजकूर सरांनी उभ्याउभ्या सांगितला: ‘आपला पाल्य आमच्याकडे सुखरूप आहे. केव्हाही भेटायला यावे. तिसरा मजला.’

उत्तर मिळाल्यावर विचारणाऱ्याने ते किती काळ जपून ठेवायचं, तेही पॅनेलमध्ये भरता येतं. मी सगळ्यात लांब मुदत टाकली, म्हणजे लोक तेच ते पुन्हा विचारत बसणार नाहीत. अप्लाय केलं. सरांनी त्या वाक्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, छान झालं.

गुरुवार, २४ जुलै

पॅनेलमध्ये एक कोपरा आहे, तिथे आपल्याकडे कोणती नावं विचारली गेली ते दिसतं. आज जेवताना सहज बघत होते. ग्यानोबा. गुंडप्पा. नागुबाई. बारावी सायन्सला नागुबाई! नागुबाईला आपण पाल्य म्हटलं म्हणून घास घशात अडकेपर्यंत हसले.

मग विचारणाऱ्याचा क्रमांक बघितला. तो आमच्या इमारतीतल्या क्रमांकांपैकी आहे, पण मी तो कुठल्याच यंत्राला दिलेला नाही. सगळ्या तारा तपासल्या, प्रत्येक यंत्र बंद करून पाहिलं. कुणीच नाही तिथे. जुन्या नोंदी काढल्या तर सर्व्हर बसवल्या दिवसापासून ही नावं रोज विचारली जात होती आणि रोज उत्तर जात होतं की असं नाव नाही. चांदणी टाकल्यापासून मात्र प्रत्येक नाव एकेकदाच आलंय. उत्तर मिळाल्यावर परत कशाला विचारतील.

नावांमध्ये मधेमधे ‘अव्वा’ आहे, इकडे आईला म्हणतात ते. एक ‘अप्पा’ही आहे.

मंगळवार, २९ जुलै

कावेरीबाई झाडत होत्या. मी गंमत म्हणून ती नावं मोठ्याने वाचून दाखवली. त्यांनी झाडू खाली ठेवला. नावं सगळी त्यांच्या गल्लीतली निघाली. काही त्या पहाटे गेलेले, काही वाचलेले. ह्या नावांना हाका मारणारे मात्र सगळेच गेलेले, असं त्या म्हणाल्या.

मग खाली बसून त्यांनी सांगितलं, आणि एवढं त्या कधीच बोलल्या नव्हत्या. गाव पडल्यावर कितीतरी दिवस दगडांखालून आपापल्या माणसांच्या नावाने हाका येत होत्या. आधी सगळे ओ द्यायचे आणि उकरायचे. पुढे सैन्याच्या लोकांनी सांगितलं की आता खाली कुणी जिवंत नाही, तरी हाका येतच राहिल्या. तेव्हा ज्याने ओ दिला त्याच्या मागे तो आवाज घरापर्यंत यायचा. म्हणून गावाने ठरवलं, पहिल्या दोन हाका सोडायच्या. दगडांखालच्यांना तिसरी हाक मारता येत नाही. नवं गाव वसलं तेव्हा कुणीच जुने दगड नेले नाहीत. सरांनी मात्र स्वतःच्या पडलेल्या घराचे दगड ट्रॅक्टरने इथे आणले आणि ह्या इमारतीचं जोतं बांधलं. बाई त्या जोत्यावर कधीही टेकत नाहीत, हे मी बघितलं होतं. गुडघ्यांचं दुखणं असेल असं वाटलं होतं.

त्यांनी विचारलं, तुझी मशीन त्यांना काय सांगते. मी ते वाक्य सांगितलं.

“सुखरूप हाय म्हनून सांगितलंस? आन् भेटाया बलावलंस?” मग त्या म्हणाल्या, “न्हाई म्हनायचं होतं, माय. न्हाई म्हनलं की त्ये हाय तितंच थांबत्यात.”

झाडू तिथेच टाकून त्या खाली गेल्या.

शनिवार, २ ऑगस्ट

कावेरीबाई येत नाहीत. उदगीरला बहिणीकडे गेल्या म्हणे. डबा आता खानावळीतून येतो. भाजीत तेलच तेल.

मी शिकलेली मुलगी आहे. कुठल्या तरी यंत्रात बिघाड आहे आणि तो मला सापडत नाही, एवढंच. पण जिन्याचं काय करू. दुपारी डाळमिलची जेवणाची सुट्टी होते आणि सगळं एकदम गप्प होतं, तेव्हा जिन्यावर पावलं वाजतात. घाई नसलेली, म्हाताऱ्या माणसांची. माझ्या दाराशी येऊन थांबतात. दार उघडलं तर कुणी नाही. पायऱ्यांवर पांढरी माती असते. इथली माती काळीभोर. पांढरी माती जुन्या घरांच्या माळवदावर, म्हणजे धाब्याच्या छतावर घालतात, असं ऑफिसातल्या शिपायाने सांगितलं आणि मलाच विचारलं की तुम्ही कुठून आणली.

आज दाराबाहेरून एका बाईने ‘नागू’ म्हणून हाक मारली. खूप मायेने. दोनदा. मी तोंडावर हात धरून बसले होते.

मंगळवार, ५ ऑगस्ट

मी आज सगळ्या नोंदी तपासल्या, अगदी पहिल्यापासून. इतक्या लोकांना कुणी ना कुणी शोधतंय, मेलेल्यांना शोधतंय, मेलेले शोधतायत. अपूर्वा हे नाव एकदाही कुणी विचारलेलं नाही.

वेडेपणा आहे हा, पण वाईट वाटलं. म्हणून मीच टाकलं. अपूर्वा. एंटर. पान आलं: ‘आपला पाल्य आमच्याकडे सुखरूप आहे.’

माझंच वाक्य, मीच ठेवलेलं. तरी वाचून बरं वाटलं. आज झोप लागेल असं वाटतंय.

शनिवार, ९ ऑगस्ट

सर म्हणाले, दुपारी खालच्या रिकाम्या हॉलमध्ये एकट्या का बसला होतात. मी वर होते. तसं सांगितलं तर म्हणाले, मी तुम्हाला ‘अपूर्वा मॅडम’ म्हणून हाक मारली, तुम्ही ‘ओ’ म्हणालात की.

निळा ड्रेस होता म्हणाले. निळा ड्रेस माझ्या खोलीत दोरीवर वाळत होता.

रविवार, १० ऑगस्ट

बाबांना फोन केला. ते म्हणाले, आज परत कसा काय? गुरुवारीच तर इतकं बोललीस. मी गुरुवारी फोन केला नव्हता. ते सांगत राहिले की गुरुवारी किती छान वाटलं, आईच्या लोणच्याची आठवण काढलीस, लहानपणीचं बोललीस, बाबा तुमची आठवण येते म्हणालीस. एरवी तू कुठे असं बोलतेस, असं म्हणाले. मग विचारलं, आज आवाज असा का येतोय, बरं नाही का.

मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला.

लिहून टाकते, म्हणजे निदान कुठेतरी खरं बोलले असं होईल. त्या दुसरीची भीती वाटते आहेच. पण त्याहून मोठी भीती ही की बाबांना ती जास्त आवडेल. माझ्याजवळ त्यांच्याशिवाय कुणी नाही.

गुरुवार, १४ ऑगस्ट

सरांना सगळं सांगितलं, मी माझंच नाव विचारलं होतं तेही. नोंदी दाखवल्या. हसतील, काढून टाकतील, काहीही करतील अशी तयारी ठेवली होती. ते ‘अप्पा’ ह्या एका ओळीवर बोट ठेवून बसले.

त्यांची मुलगी बबिता. दुसरीत होती. सर अंगणात झोपले होते म्हणून वाचले. दिवसभर ती भिंतीखालून अप्पा म्हणत होती आणि हे ओ देत दगड काढत होते. मी म्हटलं, सर, आजच चांदणी काढून टाकू या, नाहीतर मी कुठेच उरणार नाही. त्यांनी मान हलवली.

“संध्याकाळी माझा आवाज बसला, मॅडम, म्हणून मी गप्प झालो. तिला वाटलं असेल, अप्पा गेला. दहा वर्षांनी तिला कुणीतरी ओ दिलाय. तो बंद करू नका.”

ते उठून खाली गेले आणि मी त्यांच्यासाठीही रडले, माझ्यासाठीही.

शुक्रवार, १५ ऑगस्ट

झेंडावंदन झालं, पोरं पेढे घेऊन गेली. इमारत रिकामी. सरांना न विचारता चांदणी काढली. अप्लाय. आता नवीन कुणी नाव विचारलं तर ‘असं नाव नाही’ हेच उत्तर जाईल.

दुपारी पावलं आली. नेहमीइतकीच.

अर्थातच. मुदत मीच लांब टाकली होती. ज्यांना उत्तर मिळालं ते त्यांनी जपून ठेवलंय. ते आता विचारत नाहीत, सरळ येतात. दिलेलं उत्तर परत घ्यायची सोय ह्या पॅनेलमध्ये नाही, कुठल्याच पॅनेलमध्ये नसते, हे मला नांदेडला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं.

रविवार, १७ ऑगस्ट

बाबांना म्हटलं, मला न्यायला या. कारण विचारलं नाही त्यांनी. शनिवारी येतो म्हणाले, पगार वगैरे राहू दे, सामान बांधून ठेव, तब्येत बरी नाही तर एकटी निघू नकोस.

मग म्हणाले, काल तू नको म्हणाली होतीस ना, की मीच येते म्हणून.

बाबा, काल मी बोललेच नाही. ती मी नव्हते. एवढंच सांगितलं. ते म्हणाले, अपू, तू आराम कर.

मंगळवार, १९ ऑगस्ट

शनिवारपर्यंत थांबायचं नाही असं ठरवून आज पिशवी घेऊन निघाले. जिन्यावर जागा नाही. दिसत कुणीच नाही, पण पाय ठेवायला जागा नाही. लग्नघरात पायऱ्यांवर माणसं दाटून बसतात तसं. पाय पुढे टाकला की अंग आकसून घेतल्यासारखं होतं, पण उठत कुणी नाही. एक हात माझ्या पावलावर आला. थंड नव्हता. साधा, खरखरीत हात.

परत वर आले.

गुरुवार, २१ ऑगस्ट

सरांनी दुपारची बॅच बंद केली. जोत्यावर बसतात, दगडाला कान लावून. मधेच ‘ओ’ म्हणतात. खिडकीतून दिसतं. चेहरा इतका समाधानी — मला त्यांचा राग यायला हवा, येत नाही.

खानावळीचा पोऱ्या डबा फाटकाशीच ठेवून जातो. शिपाईही येत नाही.

दाराबाहेर सारख्या हाका. नागू. ग्यानू. अव्वा. कुणाचाही आवाज रागाचा नाही. रागाचा असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

बाबा उद्या येणार. त्यांनी हाक मारली की दार उघडायचं. पण — त्यांच्या आवाजात दुसरं कुणी आलं तर? आज सकाळी ‘अपू’ अशी हाक आली होती. हुबेहूब. दोनदाच.

म्हणून ठरवलं. तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचं. तिसरी हाक फक्त माणूस मारतं. बाबा मारतील. ते मला न घेता जाणार नाहीत.

शनिवार, २३ ऑगस्ट

मिल थांबली. पावलं नाहीत आज. सगळे गप्प, कान देऊन बसल्यासारखे.

खालून हाक आली. अपू.

बाबाच. खोकले पण. तरी थांबले. दाराला हात लावून उभी —

दुसरी. अपू, अगं मी आलोय.

आता तिसरी. येऊ दे. आली की धावत —

आली नाही. गरजच पडली नाही. जिन्याच्या तळाशी कुणीतरी ‘ओ बाबा, आले’ म्हणालं. माझ्या आवाजात. बाबा म्हणाले, किती वाळलीस गं. आणि ती हसली. मी अशी हसते?

दार उघडेना. बाहेरून सगळे रेलून बसलेत.

खिडकी. रस्ता ओलांडतायत. निळा ड्रेस. तिच्या डोक्यावर बाबांचा हात. जीव तोडून ओरडले, बाबा. ते थांबले. वर बघितलं, थेट माझ्याकडे. तिला काहीतरी विचारलं. तिने मान हलवली. मग दोघं —

मी पुन्हा ओरडले, बाबा. तिसऱ्यांदा — आवाजच फुटत नाही. दोनदाच येतो.

गेले. रिक्षात बसून गेले. बाबांच्या तोंडावर किती आनंद होता. घरी आता कुणीतरी बोलणारं असेल त्यांना.

दारात ती बाई आलीय. नागू म्हणतेय. पहिलीच हाक. इतक्या लांबून आपल्या माणसाला न्यायला आलीय आणि आत कुणी ओ देत नाही, हे बरं नाही ना — मला न्यायला तर आता कुणी —

दुसरी हाक.

मी ओ दे